मल्लाची कमाई

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या कामगाराला आपली कमाई विचारा. तो महिन्याचा पगार सांगेल, कापला जाणारा प्रॉव्हिडंट फंड सांगेल आणि शेवटी हाती पडणारी ग्रॅच्युइटीही सांगेल. हाच प्रश्न या मुलुखातील मल्लाला केला तर त्याने काय सांगावे? उमेदीची दहाबारा वर्षे, त्यात जिंकलेले फड, आणि पुढे?

१८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. त्यांनी तालमी चालवल्या, मल्लांच्या खुराकाची सोय केली, १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले. मल्लाचे पोट दरबाराच्या आश्रयावर निर्धास्त होते. पण आश्रय हा हक्क नव्हे. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि तो आधार गेला.

या दोन काळांच्या सांध्यावर खाशाबा जाधव उभे आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, १९२६ साली जन्मलेला हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला तो गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी दरबार नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली; प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीने गहाणखत फिटत नाही. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि मिळालेला पैसा गुरूचे घर सोडवण्यासाठी दिला. या विजेत्याची पहिली मोठी कमाई अशी ऋणमुक्तीत गेली.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. संसार चालला तो या नोकरीवर, पदकावर नव्हे. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले, आणि १९८४ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यावरील अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर.

याच्या शेजारी दूरदेशीची एक गोष्ट ठेवून पाहू. १९६४ च्या जानेवारीत बोस्टन शहरी अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलपटू एकत्र आले. निवृत्तिवेतनाचे वचन मिळेपर्यंत वर्षातला मानाचा सामना खेळणार नाही, असे त्यांनी बजावले. प्रेक्षक ताटकळले, मालक संतापले. पण वचन मिळाले. खेळणे हे श्रम आहेत आणि श्रमाला उतारवयाची तरतूद हवी, हे त्यांनी कामगाराप्रमाणे मांडले. आमचा मल्ल मात्र एकटाच झुंजला. आखाड्यातही आणि कचेरीतही.

२०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. राज्य शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले; रेल्वेची नोकरी त्याला आधीच होती. काळ बदलला, याचा आम्हांला आनंद आहे. परंतु बक्षीस जिंकणाऱ्याला मिळते. दहा वर्षे खुराकावर घरची शेती उडवून शेवटी पदकाविना परतणाऱ्याला नाही. खेळाडूच्या कमाईचा हिशेब मांडायचा तर तो मिरवणुकीच्या दिवशी नव्हे, लंगोट खुंटीला टांगल्यानंतरच्या वर्षांत मांडावा. तालमीच्या मातीला जो समाज नमस्कार करतो, त्याने त्या मातीत झिजलेल्या देहाच्या म्हातारपणाचीही तजवीज केली पाहिजे.