हुगळीच्या दोन तीरांमधला इतिहास

कोलकात्यास पाहुणे आले की त्यांना काय दाखवावे, हा प्रश्न येथील मराठी कुटुंबांस वर्षातून दोन-चार वेळा तरी पडतो. कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया मेमोरियल ही नावे ठरलेली आहेत. त्यांच्या जोडीला हुगळीवरील लाँचची तास-दीड तासाची फेरी आता पाहुण्यांच्या यादीत येऊन बसली आहे. तिकीट काढावे, धक्क्यावरून लाँचमध्ये चढावे, मातीच्या भांड्यातला चहा घ्यावा, हावड्याच्या पुलाखालून जाताना मान वर करून पाहावे आणि उतरावे, एवढ्यावर ती संपते. परंतु या नदीच्या दोन तीरांमध्ये मराठ्यांच्या इतिहासाचे एक प्रकरण पडून आहे. ते आपण आपल्या मुलांस सांगितले नाही तर दुसरे कोणी तरी सांगणार. नव्हे, सांगतच असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम नदीविषयी. नकाशावर तिचे नाव हुगळी असले तरी बंगाली माणसाच्या लेखी ती गंगाच होय. फराक्क्याजवळ गंगेचा मुख्य प्रवाह पद्मा होऊन बांगलादेशाकडे जातो. दक्षिणेस वळलेली भागीरथी ही शाखा पुढे हुगळी म्हणविते. समुद्र येथून सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर असूनही भरती-ओहोटी शहरापर्यंत पोहोचते. त्यामुळे पाणी सकाळी एका दिशेने तर दुपारी दुसऱ्या दिशेने वाहताना दिसते. कधी कधी भरतीची लाट भिंतीसारखी उभी राहून वर चढते. तिला येथे ‘बान’ म्हणतात आणि ती येणार असली की घाटांवर सूचना दिली जाते. गाळ हे या नदीचे जुने दुखणे. तो धुऊन जावा म्हणून गंगेचे पाणी वळविणारे फराक्का धरण १९७५ साली कार्यान्वित झाले.

लाँच दक्षिणेकडे गेली तर १९९२ साली खुल्या झालेल्या विद्यासागर सेतूच्या पायथ्याशी प्रिन्सेप घाटाचे ग्रीक धर्तीचे पांढरे खांब दिसतात. जेम्स प्रिन्सेप हा येथील टांकसाळीतला अधिकारी आणि एशियाटिक सोसायटीचा चिटणीस. १८३७ साली त्याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला. तीन वर्षांनी, वयाची चाळिशी ओलांडताच, तो वारला. कार्ल्याच्या आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख आज वाचता येतात, सातवाहनांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकांत येतात, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याने या घाटाकडे निदान ओळखीच्या नजरेने पाहावे. घाट बांधला तेव्हा पाणी पायऱ्यांशी होते. पुढे भराव पडत गेला आणि नदी दूर सरली.

तेथून वर आले की बाबूघाट. राणी रासमणी यांचे पती बाबू राजचंद्र दास यांच्या नावाचा हा घाट १८३० साली बांधला गेला. दक्षिणेश्वरचे मंदिर बांधणाऱ्या त्या याच. कंपनी सरकारने मच्छीमारांवर कर बसविला तेव्हा या बाईंनी नदीच्या एका भागाचा ठेका घेऊन तेथे लोखंडी साखळ्या आडव्या टाकल्या, जहाजांची वाट बंद केली आणि कर रद्द करवून घेतला, अशी कथा येथे घरोघरी सांगतात. आपल्याकडे अहिल्याबाईंच्या कथा सांगतात त्याच आदराने सांगतात.

बाबूघाटाच्या उत्तरेस, स्ट्रँड रोडच्या मागे, जनरल पोस्ट ऑफिसचा घुमट दिसतो. १८६८ साली पुरी झालेली ही इमारत ज्या जागेवर आहे, तेथे इंग्रजांचा जुना फोर्ट विल्यम होता आणि नदी त्याच्या तटाला लागून वाहत असे. सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन खेड्यांचे हक्क कंपनीने १६९८ साली सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून तेराशे रुपयांस घेतले होते. पुढे अर्ध्या शतकाच्या आत या वखारीस जी पहिली मोठी धडकी भरली ती फ्रेंचांची नव्हे की नबाबाची नव्हे. ती आपली होती.

येथे लाँचच्या डाव्या हातास पाहावे. तो पश्चिम तीर, हावड्याचा. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, ज्यांना बंगाली ग्रंथ भास्कर पंडित म्हणतात, छोटा नागपूरच्या डोंगरांतून घोडदळासह बर्द्वानच्या मुलखात उतरले. बंगालचा नबाब अलीवर्दीखान. त्याच्यावर रागावलेला मीर हबीब हा सरदार मराठ्यांस मिळाला आणि त्यास प्रदेशाची खडान्‌खडा माहिती होती. त्या वर्षीच्या मे महिन्यात एका तुकडीने नदी ओलांडून खुद्द मुर्शिदाबाद राजधानीत शिरकाव केला आणि जगत्‌शेठांची पेढी लुटली. येथून नदीच्या वरच्या अंगास असलेले हुगळी हे बंदरही मराठ्यांच्या हाती गेले. भागीरथीच्या काठी काटवा येथे भास्करपंतांनी तळ दिला आणि जवळच दाँईहाट येथे थाटाने दुर्गापूजा मांडली. त्याच पूजेच्या दिवसांत अलीवर्दीने नावांचा पूल करून रात्री नदी ओलांडली आणि छावणीवर अचानक छापा घातला. पूजा अर्धवट टाकून मराठ्यांस निघावे लागले.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. १७४३ साली बाळाजी बाजीराव पेशवे स्वतः बंगाल्यात आले; अलीवर्दीने त्यांस चौथाई कबूल केली, खर्चासाठी २२ लक्ष रुपये देऊ केले आणि पेशव्यांनी रघूजींच्याच फौजेस पिटाळून लावले. मराठी दौलतीतील या घरभेदावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. १७४४ च्या मार्चअखेरीस तहाच्या बोलण्यासाठी म्हणून भास्करपंतांस मानकरा येथे बोलावून अलीवर्दीने तंबूतच त्यांची व बरोबरच्या सरदारांची कत्तल केली. स्वाऱ्या थांबल्या नाहीत. अखेर १७५१ साली तह झाला. वर्षास १२ लक्ष रुपये चौथाई आणि सुवर्णरेखा नदीची सीमा ठरली. ओरिसा प्रत्यक्षात भोसल्यांकडे आला आणि १८०३ पर्यंत राहिला. पुरीच्या सिंहद्वारापुढील अरुणस्तंभ कोणार्काहून आणून उभा केला गेला तो याच मराठी अमलात. जगन्नाथाच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

आपल्या शालेय इतिहासात हे प्रकरण ‘बंगालवरील स्वाऱ्या’ या दोन ओळींत आटोपते. बंगाली घरात ते तसे आटोपत नाही. ‘बर्गी’ हा शब्द येथे अजून जिवंत आहे. मूळ आपलाच, ‘बारगीर’. स्वतःच्या घोड्यानिशी चाकरी करणारा तो शिलेदार आणि ज्यास घोडा व हत्यार सरकारातून मिळते तो बारगीर. बंगालीत मात्र तो लुटारूचा पर्याय झाला. बाळास निजविताना म्हणावयाचे एक गीत प्रत्येक बंगाली आजीला पाठ असते. त्यात बर्गी येतात, पीक पाखरांनी खाल्लेले असते आणि आता सारा कशाचा भरावा ही चिंता असते. आमची कन्या लहान असताना शेजारच्या वृद्ध मासीमा हेच गीत म्हणून तिला मांडीवर थोपटीत. त्यात मराठ्यांचा उल्लेख आहे हे त्यांच्या ध्यानीमनीही नसे. मुलगी निर्धास्त झोपी जाई.

गेल्या हिवाळ्यात लाँचमध्ये शेजारी बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी आमचे बोलणे ऐकून विचारले, “आपण महाराष्ट्राचे का?” हो म्हणताच ते मोठ्याने हसले. “म्हणजे बर्गी! आणि यंदा तिकीट काढून आलात!” मीही हसलो. नंतर ते गंभीर होऊन म्हणाले, “माझ्या आजोळचे गाव बीरभूमचे. तेथे अमुक तळे बर्गींच्या वेळी बुजले, अमुक पाडा तेव्हा ओस पडला, असे आजी सांगत असे. तिला सन सांगता येत नव्हता, पण जागा दाखविता येत होती.”

या गोष्टीस उत्तर काय द्यावे? काही मराठी लेखकांनी दिलेले उत्तर असे, की चौथाईचा हक्क छत्रपती शाहू महाराजांनी रघूजींस दिला होता, नबाब ती देत नव्हता आणि मानकऱ्याचा विश्वासघात तर त्यानेच केला. हे सर्व खरे आहे. परंतु हक्क नबाबाकडे होता. जळाली ती विणकऱ्यांची आणि कुणब्यांची घरे. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ उपलब्ध आहे. त्याच्या हस्तलिखितावर १७५१ च्या सुमाराचे साल आहे. त्यात गावे सोडून पळणाऱ्या माणसांची वर्णने जातवार आणि धंदेवार आली आहेत. विशेष असे की, गंगाराम मराठ्यांचा आंधळा द्वेष करीत नाही. पृथ्वीवर पाप वाढले म्हणून खुद्द शंकरानेच शाहू राजास प्रेरणा दिली, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे निरपराध माणसे, ब्राह्मण आणि वैष्णव भरडले जाऊ लागले तेव्हा देवी भास्करावर उलटली, असे तो सांगतो. या स्वाऱ्यांचे यापेक्षा न्याय्य मूल्यमापन मी आपल्या बखरींत वाचलेले नाही.

नदी तेव्हा बंगाल्यास उपयोगी पडली. मुर्शिदाबादची स्वारी सोडली तर मराठ्यांचा वावर मुख्यतः पश्चिम तीरावर राहिला आणि माणसे मिळेल त्या होडीने पूर्व तीराकडे आली. त्यांतील कित्येक कोलकात्यात राहिली आणि कंपनीच्या वखारीचे शहर होण्यास त्यामुळे हातभारच लागला. त्याच भीतीपोटी १७४२ साली रहिवाशांनी नबाबाची परवानगी काढून शहराभोवती खंदक खणावयास घेतला. कंपनीने कर्ज दिले, फेड रहिवाशांनी करावयाची. सात मैलांपैकी तीन मैल सहा महिन्यांत खणून झाले. मराठे आले नाहीत. काम तेथेच थांबले. १७५६ साली सिराज उद्दौला चालून आला तेव्हा हा अपुरा खंदक काडीच्याही कामास आला नाही. पुढे १७९९ साली त्याचा बराच भाग भरून त्यावर सर्क्युलर रोड करण्यात आला. त्याच रस्त्यास आज आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस या दोन शास्त्रज्ञांची नावे आहेत. सियालदाहून बसने जाणारे आपले कितीतरी सभासद दररोज मराठ्यांच्या भीतीवरून ये-जा करीत असतात.

एव्हाना लाँच हावड्याच्या पुलाखाली येते. १८७४ च्या तरंगत्या पुलाची जागा १९४३ साली या पुलाने घेतली. पात्रात एकही खांब नाही, मधला गाळा सुमारे ४५७ मीटरांचा, जोडणी सारी रिव्हेटची. २६,५०० टन पोलादापैकी २३,००० टन जमशेदपूरच्या टाटांचे, आणि तेही महायुद्धाच्या धामधुमीत. १९६५ पासून त्याचे अधिकृत नाव रवींद्र सेतू. शेजारी हावडा स्टेशन. नागपूरहून येणारी मुंबई मेल येथे थांबते. रघूजींचे स्वार जो मुलूख तुडवीत आले त्याच बाजूने ही आगगाडी येते, हा विचार मला दर वेळी गमतीचा वाटतो. २०२४ च्या मार्चपासून तर नदीच्या तळाखालून मेट्रोही धावते. पात्राखालचा तिचा बोगदा सुमारे ५२० मीटरांचा.

पुलाच्या पूर्व टोकाशी मल्लिक घाटाचा फुलबाजार, झेंडूच्या माळांचे ढीग. आणि पुढे निमतला. १९४१ च्या ऑगस्टमध्ये रवींद्रनाथांचा अंत्यसंस्कार येथे झाला. मराठी माणसाशी ठाकुरांच्या घराचे नाते जुने. सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय सनदी अधिकारी, त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात गेली. तरुण रवींद्रनाथ १८७८ साली मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले. पण याहून मोठी गोष्ट १९०४ ची. देवघरजवळच्या करौं येथे जन्मलेले, बंगालीतच लिहिणारे मराठी ब्राह्मण सखाराम गणेश देऊस्कर यांनी बंगाल्यात शिवाजी उत्सव सुरू केला होता. त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता लिहिली. ज्या प्रांतातील आया बर्गीच्या नावाने मुले निजवीत, त्या प्रांताच्या कवीने शिवछत्रपतींस वंदन केले! १९०६ च्या जूनमध्ये लोकमान्य टिळक त्याच उत्सवासाठी कोलकात्यास आले. देऊस्करांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९१० साली सरकारने जप्त केला आणि दोनच वर्षांनी ते निवर्तले. आपल्या मंडळांतून त्यांची जयंती साजरी झाल्याचे मला तरी कोठे आढळले नाही.

दुसरी जोडी इतिहासकारांची. सर जदुनाथ सरकार आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. जदुनाथांनी शिवचरित्र लिहिले आणि बंगालवरील स्वाऱ्यांचे वर्णनही कोणाची भीड न धरता केले. सरदेसायांशी त्यांचा स्नेह व पत्रव्यवहार दशकानुदशके टिकला, पुणे रेसिडेन्सीच्या कागदपत्रांचे संपादन दोघांनी मिळून पाहिले, आणि जदुनाथ कामशेतला रियासतकारांच्या घरी जाऊन राहत. एका बंगाली आणि एका मराठी माणसाने १७४२ साल मध्ये ठेवून मैत्री केली. ते साल झाकून नव्हे.

लाँच बागबाजारच्या आसपास वळते. तेथे उतरण्याची सोय असेल तर पाहुण्यांस घेऊन जरूर उतरावे. घाटापासून पायी थोड्याच अंतरावर ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. खंदकाचा उत्तरेकडील आरंभ याच भागात होता. येथे पाणी नाही, तट नाही. दोन्ही बाजूंस जुनी घरे आहेत.