हेलिकॉप्टर का कोसळते?

देवगाव रंगारी (जि. छत्रपती संभाजीनगर) : मराठवाड्याच्या ग्रामीण भागात हेलिकॉप्टर उतरते ते बहुधा शाळा-महाविद्यालयाच्या मैदानावर. चुन्याने आखलेले वर्तुळ, पाणी मारून दाबलेली धूळ आणि भोवती जमलेली गर्दी, हेच तेथील हेलिपॅड. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथून उडालेले तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर काही क्षणांतच खाली येऊन विजेच्या तारांत अडकले व कोसळले. त्यातील सहाही जण बचावले. अशा अपघातांमागे कोणती कारणे संभवतात?

विरळ हवा
हेलिकॉप्टरची पाती हवा खाली ढकलतात आणि त्या बळावर ते वर उचलले जाते. हवा तापली की विरळ होते. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवरील गावात पारा ४० अंशांवर गेला, तर तेथील हवा सर्वसाधारण दिवशी १,६०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर असते तितकी विरळ ठरते. अशा वेळी उचलबळ घटते, इंजिनाची शक्तीही कमी पडते. जमिनीलगत हवेच्या गादीचा आधार मिळतो. थोडे वर जाताच तो सुटतो. वजन जास्त असेल, तर नेमके तेव्हाच हेलिकॉप्टर खचू लागते.

स्वतःचाच भोवरा
कमी वेगात, इंजिनाच्या जोरावर वेगाने सरळ खाली उतरताना हेलिकॉप्टर आपणच ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडू शकते. मग शक्ती वाढविली तरी घसरण थांबत नाही. पुढे किंवा बाजूला सरकून भोवऱ्यातून बाहेर पडणे हाच उपाय. त्यासाठी पुरेशी उंची हाताशी असावी लागते.

यांत्रिक बिघाड
मुख्य पाती एका दिशेने फिरतात, तेव्हा हेलिकॉप्टरचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. शेपटीवरचा छोटा पंखा त्याला रोखतो. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे या पंख्याच्या नियंत्रणातील बेअरिंग जाम झाले. हेलिकॉप्टर गरगरत कोसळून पाच जण ठार झाले. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत मुख्य गिअरबॉक्समधील एका दातेरी चाकाला धातूच्या थकव्याने तडा गेला. मुख्य पाती यंत्रापासून सुटली आणि सर्व १३ जण मृत्युमुखी पडले.

इंजिन बंद पडणे मात्र दर वेळी जीवघेणे नसते. खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरती ठेवून वैमानिक हेलिकॉप्टर उतरवू शकतो. तेथेही उंची आणि वेग हाच त्याचा आधार असतो.

मैदानावरची दक्षता
गिअरबॉक्समधील तडा गावकऱ्यांना दिसणार नाही. मैदानालगतच्या तारा, खांब आणि मोकळी धूळ मात्र दिसते. अशा जागेवरून उडताना वैमानिकाकडे ना उंची असते, ना वेग. म्हणूनच उन्हाळ्यात सकाळची वेळ, मर्यादित वजन आणि उड्डाणाच्या दिशेला अडथळा नसलेले मैदान यांना महत्त्व आहे. पाती थांबेपर्यंत गर्दी दूर ठेवावी. शेपटीकडून कोणीही जवळ जाऊ नये. फिरणारा छोटा पंखा डोळ्यांना सहज दिसत नाही.