दिनविशेष : ३ जून – स्मृतीचा चकवा मांडणारे आलँ रेने

फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांचा जन्म ३ जून १९२२ रोजी ब्रिटनीतल्या व्हान इथे झाला. ‘हिरोशिमा मॉनामूर’ने त्यांचं नाव जगभर पोहोचवलं, पण आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न त्यांनी सर्वांत धीटपणे विचारला तो १९६१च्या ‘लास्ट इयर अ‍ॅट मारिएनबाद’मध्ये.

एका राजेशाही हॉटेलात एक पुरुष एका स्त्रीला सांगतो, गेल्या वर्षी आपण भेटलो होतो, तुम्ही वर्षभर थांबायला सांगितलं होतंत. तिला काहीच आठवत नाही. तो बागेचा, पुतळ्याचा, तिच्या खोलीचा तपशील पुरवत राहतो. पडदा कधी त्याची बाजू घेतो, कधी त्याला खोडून काढतो. पात्रांना नावंही नाहीत. बागेतल्या गाजलेल्या दृश्यात माणसांच्या लांब सावल्या दिसतात, झाडांच्या मात्र नाहीत. त्या सावल्या जमिनीवर रंगवलेल्या होत्या. बरंचसं चित्रण म्युनिक परिसरातल्या राजवाड्यांत झालं, मारिएनबादमध्ये नव्हे.

ते दोघं खरंच भेटले होते का, यावर रेने आणि पटकथाकार आलँ रॉब-ग्रिये यांचंही एकमत नव्हतं. पण हे कोडं सोडवण्याच्या नादात त्या स्त्रीच्या भूमिकेतल्या देल्फिन सेरिग यांचा अभिनय नजरेतून सुटू नये. नकारापासून संशयापर्यंत आणि संशयापासून भीतीपर्यंतचा प्रवास त्या केवळ मान वळवून, हात खांद्याशी नेऊन दाखवतात.

व्हेनिस महोत्सवात चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला. रेने अखेरपर्यंत काम करत राहिले. १ मार्च २०१४ रोजी, ९१व्या वर्षी त्यांचं निधन झालं.