तळटीप १४ : पावसाचा आवाज

‘पावसाचा निबंध’ हा नागराज मंजुळे यांचा लघुपट. २०१७ च्या, म्हणजे ६५व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात त्याला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, अविनाश सोनवणे यांना ध्वनीचा. मूळ लेखात लेखकाने कॅमेऱ्यावर पानभर लिहिले, ध्वनीवर एकच वाक्य. म्हणून ही टीप. पावसावर निबंध लिहायचा असलेल्या शाळकरी राजाचे गळके घर, नशेत पडलेला बाप हे डोळ्यांना दिसते. त्याची कोंडी मात्र सरींच्या आवाजातून कळते. दृश्य कापले तरी खालचा पाऊस चालू राहिला, की संकलनाचे सांधे जाणवत नाहीत. हा आवाज कोण ऐकतो, यावरही त्याचा अर्थ ठरतो. उदाहरणार्थ, दौंड तालुक्यातले भांडगाव पर्जन्यछायेतले. पावसाची वाट पाहणाऱ्या तिथल्या कानांना हा आवाज आधी सुखाचा वाटेल, मग हळूहळू बोचू लागेल. शाळेने निबंधाला दिलेला पाऊस आणि राजाच्या छपरावरचा पाऊस वेगळे आहेत, हे त्या बोचण्यातच उमगते.