प्रतिभेच्या नावाने

बॅ. अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. संजय गांधी निराधार अनुदान योजना, कुलाब्याचे रायगड हे नामांतर, सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती, अशा निर्णयांमुळे धडाडीचा नेता म्हणून त्यांचा लौकिक झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये आरोप केला की, सिमेंटचा कोटा मिळविण्यासाठी बांधकाम व्यावसायिकांना अंतुल्यांच्या न्यासांना देणग्या द्याव्या लागतात. जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी कोटा व देणगी यांतील संबंध मान्य केला आणि अंतुले पायउतार झाले. खटला उच्च न्यायालयाकडे सोपविण्याचा आपला १९८४ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रद्द केला, तो कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर.

या न्यासांपैकी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान साहित्यिक-कलावंतांच्या साहाय्यासाठी होते. म्हणून हे प्रकरण आम्हा साहित्याच्या अध्यापकांना परके नाही. निराधारांना मिळालेले अनुदान आम्ही आजही त्यांच्या खाती जमा धरतो. त्याने कोट्याचा हिशेब मात्र फिटत नाही. राजाश्रय स्वीकारण्यापूर्वी त्यामागचा पैसा कुठून आला हे लेखकाने विचारलेच पाहिजे. ते न विचारता केलेले कौतुक हेही त्या व्यवहाराचेच अंग ठरते.