ठासणीची बंदूक

आमच्या घरात बंदूक होती म्हटलं की मुंबईचे पाहुणे डोळे मोठे करतात. सिंधुदुर्गात त्याचं कुणाला नवल नाही. आमची ठासणीची. नळीत वरून दारू ओतायची, छर्रे घालायचे, गजानं ठासायचं. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर दोन कुणगे ओलांडून जातं. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. "बंदूक राखणेक आसा, भांडणाक नाय," असं बाबा म्हणायचे.

परवान्याचा हा कागद आला कुठून, ते मी पुढे वाचून काढलं. 1878 साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. देशी माणसाला परवाना, गोऱ्याला सूट. लोकांना ती सूटच जास्त झोंबली. 1931 मध्ये कराचीच्या काँग्रेसनं हक्कांच्या ठरावात हत्यार बाळगण्याचा हक्कही घातला, नियमांच्या चौकटीत. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामतांनी तोच हक्क घटनेत घाला म्हणून घटना समितीत दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. सरसकट हक्क दिला तर चोर-दरोडेखोरही तोच पुढे करतील, असा त्यांचा मुद्दा. दुरुस्ती पडली. घटनेत आला तो शांततेनं जमण्याचा हक्क, तोही हत्याराशिवाय.

मग 1959 चा कायदा आला. त्यात एकाच कलमात दोन गोष्टी शेजारी बसवल्यात: स्वसंरक्षणाला गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीक राखायला ठासणीची. म्हणजे शेतकऱ्याला भीती पिकाची, जीवाची नाही, असंच जणू सरकारनं धरलं. जीव आणि मालमत्ता वाचवायचा हक्क तसा 1860 च्या दंडसंहितेपासून आहे. हक्क आहे, हत्यार मात्र विचारून. 1972 ला वन्यजीवांचा कायदा आला आणि डुक्कर मारायलाही परवानगी लागू लागली. बंदुकीला कागद, डुकरालाही कागद. नुसता बार काढून पिटाळायचं, एवढंच आमच्या हातात उरलं.

हे सगळं वाचताना मला मात्र एकच रात्र आठवते. मी तेव्हा चोविशीत होतो. भात पोटऱ्यातून बाहेर पडून पिवळं झालेलं. बाबा तापानं फणफणलेले, म्हणून राखणीला मी. मध्यरात्री भातात सळसळ झाली. मी घोडा ओढला, नळी तिकडे धरली. तेवढ्यात खोकला ऐकू आला. तो खोकला मी ओळखला. ज्याच्याशी आमची बांधावरून कोर्टात केस चालली होती, तोच शेजारी.

माणूस आहे हे कळल्यावर नळी खाली यायला हवी होती. ती लगेच आली नाही. किती वेळ, सांगता येणार नाही. डुक्कर समजून बार काढला म्हटलं असतं तर गावानं मानलं असतं, हे तेवढ्यात माझ्या मनात येऊन गेलं. मग तोच अंधारातून ओरडला, "कोण रे, जागो आसस? माझो पाडो सुटलो हा." मचाणीवर येऊन बसला, विडी मागितली. मी दिली. बाबांना हे कधी सांगितलं नाही.

बाबा गेल्या वर्षी गेले, वयाच्या नव्वदीत. बंदूक तेव्हापासून ठाण्यात जमा आहे. मुलाला ती आपल्या नावावर करून हवी आहे. तो काही चुकीचं बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात डुकरानं वाडीतल्या एकाची मांडी फाडली, आमचा खालचा कुणगा तर पुरता उकरून टाकला. "बाबानू, तुमी तरी तेव्हा बंदूक घेऊन बसायचात ना?" तो विचारतो.

वारसांचं संमतीपत्र लागतं. बहिणींनी सह्या केल्या. माझी जागा तेवढी रिकामी आहे. कागद देवाच्या फळीवर ठेवलाय.