स्वभावाला जडलेली व्याधि

‘स्वभावाला औषध नाहीं’ ही म्हण आपल्या घराघरांतून इतकी रुळलेली आहे कीं, तिचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. जन्मभर काटकसरीनें व मर्यादेनें वागलेला एखादा गृहस्थ पंचावन्नाव्या वर्षीं उधळ्या, तोंडाळ आणि निर्लज्ज होतो. आप्तेष्टांच्या सुखदुःखाचें त्यास कांहींच वाटेनासें होतें. तेव्हां लोक या म्हणीनें त्याचा निकाल लावून मोकळे होतात. ‘साठी बुद्धि नाठी’ म्हणावें, तर साठीहि अजून दूर असते. मग उरलासुरला दोष त्याच्या पत्नीच्या पदरीं पडतो. अशांपैकीं कांहीं माणसांच्या बाबतींत दोष स्वभावाचा नसून, मेंदूचा एक विशिष्ट भाग झिजत चाललेला असतो. कपाळामागील व कानशिलांजवळील भागांच्या या क्षयास आजचे वैद्य ‘फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया’ म्हणतात. ही व्याधि बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट या वयांत गांठते. तिच्या शोधाचा इतिहास केवळ वैद्यांचा नव्हे. निरपराध माणसांच्या माथ्यावरील दोष हळूहळू कसा उतरत गेला, याचाहि तो इतिहास आहे.

स्वभावाचें मेंदूशीं नातें आहे, याची पहिली ठळक साक्ष एका अपघातानें दिली. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानांत, कॅव्हेंडिश गांवाजवळ लोहमार्गासाठीं सुरुंग लावण्याचें काम चाललें होतें. तेथील पंचवीस वर्षांचा मुकादम फिनीस गेज याच्या डाव्या गालांतून, सुरुंग ठासण्याची साडेतीन फुटांहून लांब पहार शिरली व डोक्याच्या माथ्यांतून बाहेर पडली. गेज वांचला. त्याची बुद्धि व स्मरणशक्ति शाबूत दिसत होती. परंतु पूर्वींचा कर्तबगार व समतोल मुकादम लहरी आणि शिवराळ झाला. हा आमचा गेजच नव्हे, असें त्याचे मित्र म्हणूं लागले. डॉक्टर हार्लो यांनीं ही हकीकत १८६८ सालीं सविस्तर प्रसिद्ध केली. तरीहि न्याय्य म्हणून सांगितलें पाहिजे कीं, पुढें हाच गेज चिली देशांत कांहीं वर्षें घोडागाडी हांकून पोट भरीत होता. ठरावीक कामाचा आधार मिळाल्यास दुखावलेला मेंदूहि कांहीं अंशीं सांवरतो, असा यावरून पुष्कळ विद्वानांनीं तर्क केला आहे.

गेजची इजा सर्वांच्या डोळ्यांसमोर झालेली होती. परंतु जेथें पहार नाहीं, जखम नाहीं, रक्ताचा थेंबहि नाहीं, तेथें काय? म्हातारपणीं मेंदू सर्वत्र सारखाच आक्रसतो, असा एकोणिसाव्या शतकांतील सर्वसाधारण समज होता. प्राग येथील जर्मन विद्यापीठांतील मनोविकारांचे प्राध्यापक आर्नोल्ड पिक यांनीं १८९२ सालीं त्याला धक्का दिला. त्यांच्या एकाहत्तर वर्षांच्या एका रोग्याची बुद्धि मंदावली होती आणि त्याला वाचाघात झाला होता. मृत्यूनंतर मेंदू तपासतां, डाव्या कानशिलाकडील भाग विशेष आक्रसलेला आढळला. मेंदूची झीज एखाद्याच भागांत एकवटूं शकते व त्या भागाचें जें कार्य, तेंच प्रथम लोपतें, हा पिक यांचा सिद्धांत होय. पुढें १९११ सालीं आलोइस आल्झायमर यांनीं अशा रोग्यांच्या मज्जापेशींतील विशिष्ट गोल पिंडांचें वर्णन केलें; आणि १९२२ सालापासून ‘पिकचा रोग’ हें नांव रूढ होऊं लागलें.

आल्झायमर यांचें नांव दुसऱ्या एका रोगास १९१० सालींच मिळालें होतें. दोन्ही रोगांस नांवें मिळालीं तीं एकाच पिढींत; पण पुढें एकाचें नांव घरोघरीं पोहोंचलें, दुसरें पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यांत पडून राहिलें. याचें एक कारण आमच्या मतें माणसाच्या मनांत आहे. घरची वाट विसरलेल्या वृद्धाची सर्वांस कींव येते. त्याला कोणी हात धरून पोहोंचवितो. परंतु ज्याला तिथि, हिशोब, सर्वांचीं नांवें आठवतात आणि तरीहि जो भावाच्या अंत्ययात्रेंत हंसतो, त्याचा संताप येतो. या व्याधींत प्रथम बहुधा स्मृति जात नाहीं, तर संयम आणि समभाव जातो, किंवा शब्दांचे अर्थ पुसले जातात. रोगी स्वतः तर ‘मला कांहींच झालेलें नाहीं’ असें मनापासून म्हणतो. त्यामुळें दयेची दारें बंद होतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानानें पुन्हां वेग घेतला. १९८२ सालीं मेसुलम यांनीं हळूहळू वाढणाऱ्या वाचाघाताचे सहा रोगी वर्णिले. १९९४ सालीं स्वीडनमधील लुंड व इंग्लंडमधील मँचेस्टर येथील तज्ज्ञांनीं मिळून या व्याधीच्या निदानाचे निकष प्रसिद्ध केले. १९९८, २००६ आणि २०११ या सालीं तिच्याशीं निगडित असे आनुवंशिक दोष सांपडले. त्यावरून कांहीं घराण्यांत ती पिढ्यान् पिढ्या कां उतरते, हें उलगडलें. रोगाची गति थांबविणारें औषध मात्र अद्यापि हातीं आलेलें नाहीं.

औषध नसतां नांवाचा उपयोग काय, असा प्रश्न वाचक करतील. त्याचें उत्तर वैद्यांपेक्षां कुटुंबांनींच अधिक स्पष्टपणें दिलें आहे. २००२ सालीं अमेरिकेंत हेलन-ॲन कॉमस्टॉक या बाईंनीं या व्याधीनें ग्रस्त कुटुंबांसाठीं स्वतंत्र संस्था काढली; त्यांच्या पतीसच ती व्याधि जडली होती. नट ब्रूस विलिस यांच्या कुटुंबानें २०२२ सालीं त्यांचा वाचाघात जाहीर केला व फेब्रुवारी २०२३ मध्यें रोगाचें नेमकें नांव प्रकट केलें. तेव्हां जगांतील लक्षावधि लोकांनीं तें प्रथमच ऐकलें. आपल्या देशांत १९९२ सालीं कोची येथें ‘आल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या नांवांतील ‘संबंधित विकार’ या दोन शब्दांतच या व्याधीस जागा मिळाली आहे.

आमच्याकडे अशा रोग्यास कधीं व्यसनी, कधीं वेडा, तर कधीं बाहेरची बाधा झालेला ठरवितात. निदानापूर्वीं वर्षें निघून जातात; त्या अवधींत नोकरी जाते, कर्जें होतात, नको तेथें सह्या होतात, आणि शिकत असलेलीं मुलें वडिलांचा द्वेष करूं लागतात. निदान झालें कीं निदान ही पडझड तरी थांबवितां येते. पैशाचे व्यवहार वकिलाच्या सल्ल्यानें वेळींच दुसऱ्याच्या हातीं सोंपवितां येतात. रोग्याशीं वाद घालणें, त्याला लाजविणें निष्फळ आहे हें उमगतें. दिवसाचा क्रम ठरावीक ठेवितां येतो. आणि अहोरात्र पहारा करणाऱ्या पत्नीस आठवड्यांतून दोन दुपारी विसांवा देणें, हें तर कोणाहि शेजाऱ्यास जमण्यासारखें आहे. त्यासाठीं वैद्यकाची पदवी लागत नाहीं.

सर्वांत मोठा लाभ याहूनहि निराळा आहे. रोगाचें नांव कळल्यावर मुलांस आपले पूर्वींचे वडील परत मिळतात. आज घरांत जो माणूस शिव्या देतो, तो रोग आहे. ज्यानें बोट धरून शाळेंत नेलें, ते वडील खरे होते, असें तीं मुलें निःशंकपणें म्हणूं शकतात. म्हण खरीच आहे. स्वभावाला औषध नाहीं आणि या व्याधीलाहि नाहीं. पण व्याधीला स्वभाव समजून एका घराला जी शिक्षा आपण वर्षानुवर्षें देत आलों, ती थांबविणें आपल्या हातीं आहे.